सुई उजव्या टोकाला न्या

हंगाम पुन्हा सुरू झाला आहे आणि माझं डोकं फिरलं आहे. दोन्ही गोष्टी दर वर्षी एकाच आठवड्यात होतात. पाटसच्या साखर कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास खिडकीतून आत शिरतो. चौफुल्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस डोलत निघतो, ड्रायव्हरनं लावलेली गाणी तो दिसायच्या कितीतरी आधी कानावर आदळतात, आणि सांडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गाड्यांच्या चाकाखाली चिरडून रस्ता हिरवा होतो. काही लोकांना हा वास गोड वाटतो म्हणे. त्यांनी खुशाल घ्यावा. मला तो आला की अण्णांचं तोंड आठवतं आणि त्याच्या मागोमाग माझं स्वतःचं.

अण्णा म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राचे अध्यक्ष. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधल्या गावांनी मिळून हे केंद्र काढलं. सरकारचं नाही, कुठल्या कंपनीचं नाही. दूध डेअरीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, एक टेबल, एक माइक आणि गच्चीवर मनोरा. मी आधी सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला होते. केंद्राला बाईचा आवाज हवा होता आणि मला खोके बांधायचा कंटाळा आला होता. पहिल्या दिवसापासून इथं बोलते आहे. गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'रेडिओवाल्या बाई' म्हणतात.

हंगामात संध्याकाळी सहाला 'वर्दी' असते. नाव माझंच. आज कुणाचा उसाचा फड तुटून मोकळा झाला, उद्या कोयता कुठं लागणार, हे दुपारी गावोगाव फोन करून मी लिहून घेते आणि सहाला वाचून दाखवते. एवढ्या रुक्ष यादीत कुणाला काय रस असेल, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमच्याकडं बिबट्या उसात राहतो. उसातच जन्मतो, उसातच वाढतो, डोंगर त्यानं पाहिलेलाही नसतो. फड तुटला की तो शेजारच्या उभ्या उसात शिरतो. म्हणून शेजारी तोड झाली असेल, तर अंधार पडायच्या आत जनावरं गोठ्यात घ्यायची, बाईमाणसानं गवताला वाकायचं नाही, लेकरू एकटं परसाकडं पाठवायचं नाही. वर्दी ऐकायची ती यासाठी. मी वस्त्यांची नावं एकेक करून घेते आणि प्रत्येक नावामागे कुठंतरी एक बाई हातातलं काम थांबवते, हे मला माइकसमोर बसून कळतं. माणसाला माज यायला एवढं पुरतं.

मला तो आला होता.

पहिल्या हंगामात केंद्रानं स्वस्तातले रेडिओ आणून वस्त्यांवर वाटले. सेट हलके, बटणं ढिली. पोरांनी जरा फिरवलं की सुई सरकायची आणि पुण्याच्या कुठल्या तरी स्टेशनवर जाऊन बसायची. मी वस्तीवर जायची तेव्हा मीच वाटलेल्या सेटवर सिनेमाची गाणी चाललेली असायची आणि बाया भाकरी थापता थापता मान डोलवत असायच्या. मला ते सहन होत नव्हतं. आज हे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी त्याला लोकांचं हित म्हणत होते. वर्दी चुकली तर जीव जाईल, असं मी मीटिंगमध्ये हात नाचवत सांगितलं आणि तोडगाही मीच काढला. नळाच्या जोडाला लावतात ते सील आणलं. दोन रंगांच्या कांड्या बोटांनी मळायच्या, रंग एक झाला की सुई आमच्या आकड्यावर ठेवून बटणाच्या मुळाशी दाबून बसवायचं. तासाभरात दगड. आवाजाचं बटण मोकळं, सुईचं बटण कायमचं गप्प.

आणि लोकांना ते आवडलं, हे त्यातलं आश्चर्य. म्हाताऱ्या माणसांना अंधारात चाचपडत आकडा शोधायचा त्रास वाचला. सासवांना वाटलं, सुनांची गाणी बंद झाली. ज्यांचे सेट स्वतः विकत घेतलेले होते तेसुद्धा पिशवीत घालून घेऊन यायचे, 'बाई, आमची बी सुई बसवा.' त्या हिवाळ्यात माझ्या नखांतून सीलचा वास गेला नाही. दोन तालुक्यांतल्या किती सुया मी खिळल्या ते मोजलं नाही, पण केंद्रानं माझ्या अभिनंदनाचा ठराव केला होता, तो अजून फाइलमध्ये आहे. आता तो वाचवत नाही.

त्यातला एक सेट अक्काचा.

अक्का माझी थोरली बहीण. भीमेच्या काठाला पिंपळमळा म्हणून चार घरांची वस्ती आहे, तिथं तिला दिलेली. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला नदी. पावसाळ्यापासून ऊस वाढत जातो आणि दिवाळीपर्यंत वस्ती त्यात बुडून जाते, मग हंगाम सुरू झाला की एकेक बाजूनं उजेड येतो. अक्काचा सेट मी तिच्याच ओसरीवर बसून सील केला. ती शेजारी शेंगा फोडत होती. फोडलेले दाणे माझ्या तोंडात टाकत म्हणाली, "आता काय, मराया टेकले तरी तुझंच ऐकायचं व्हय?" मी म्हणाले, "व्हय. सुटका न्हाई तुझी." असलं काही बोलू नये. नशीब ऐकत असतं.

पुढच्या वर्षी वडील गेले आणि दादानं, आमच्या भावानं, हक्कसोडीचा कागद पुढं केला. आमच्याकडं ही रीत आहे. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, भावानं साडी नेसवायची, आणि माहेर कायम राहिलं असं सगळ्यांनी समजायचं. अक्कानं एका मिनिटात सही केली. मी केली नाही. मला जमीन कसायची नव्हती. मला फक्त सातबाराच्या उताऱ्यावर माझं नाव हवं होतं, आपल्या बापाच्या नावाखाली. एवढं मागितलं म्हणून मी घरबुडवी ठरले. ते मी सोसलं असतं. पण दादा अक्कावरही उलटला. म्हणाला, "तू थोरली. तुला तिला वळवता आली न्हाई? जा, दोघींना बी दार बंद." त्या दिवाळीला अक्का ताट करून बसली होती. भाऊबीजेला कुणी आलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही.

तिनं मला फोन केला. एकच वाक्य बोलली. "सही मी केली आन् माहेर बी माझंच गेलं, तुझ्यापायी." त्यानंतर तिनं मला हाक मारली नाही.

पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही, असं मला किती जणांनी ऐकवलं असेल. बहिणी-बहिणींची भांडणं, होईल सगळं ठीक. ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्या घरचं पाणी पाहिलेलं नसावं. एका लग्नात ती समोरून आली आणि माझ्या शेजारच्या बाईला कुंकू लावून पुढं गेली. मीही काही कमी नाही. मी तिला विचारायला जायचं, असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही. माझं काय चुकलं होतं? आजही मी ती सही करणार नाही.

पण तिची सून शीतल अधूनमधून फोन करायची, चोरून. तिनंच एकदा सांगितलं, "मावशी, आई सहाच्या ठोक्याला रेडिओ लावत्यात बरं का. एक दिस चुकत न्हाई. तुमचं नाव काढलं तर उठून जात्यात, पर रेडिओ लावत्यात."

ते ऐकून मला आनंद झाला, असं मी म्हटलं तर ते अर्धंच खरं. मला जिंकल्यासारखं वाटलं. सुटका नाही म्हणाले होते, नाहीच झाली. आणि मग मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. यादीत वस्त्यांची नावं रस्त्याकडून नदीकडं अशी असतात, आणि पिंपळमळा मधे कुठंतरी, आठव्या-नवव्या जागी यायचा. मी तो उचलून सगळ्यात शेवटी टाकला. तिला आपलं नाव ऐकायचं असेल, तर तिनं माझी सगळी यादी ऐकावी. शेवटच्या नावापर्यंत माझा आवाज तिच्या ओसरीवर राहावा. याला राग म्हणतात की दुसरं काही, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही, आणि ठरवायची गरजही वाटली नाही.

केंद्राचा आकडा बदलला तो तीन हंगामांपूर्वी. सरकारचं पत्र आलं, आपला आकडा दुसऱ्या एका केंद्राशी भिडतो आहे, नवा आकडा घ्या. त्यात कुणाचा दोष नव्हता. जुना आकडा पट्टीच्या डाव्या टोकाला होता, नवा पार उजव्या टोकाला. मीटिंगमध्ये अण्णांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांना बऱ्याच दिवसांपासून कारेगावकडं बघायचं होतं. तिथं कंपन्यांत कामाला आलेली बाहेरगावची हजारो पोरं खोल्या करून राहतात, त्यांच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये रेडिओ, आणि त्यांच्यासाठी दुकानदारांच्या जाहिराती. नवा आकडा, नवी सुरुवात, असं अण्णा म्हणाले. चहा सांगितला गेला.

मी म्हणाले, "अण्णा, वस्तीवरचं निम्मं सेट आपणच सील केल्यात. सुई फिरायची कशी?"

"बाई, आता रेडिओवर कोण ऐकतंय? समदे मोबाईलवर हायेत."

"म्हाताऱ्या माणसांच्या हातात मोबाईल न्हाई. आन् फोनमधला रेडिओ कानात वायर घातल्याबिगर लागत न्हाई. कोण म्हातारी चुलीम्होरं कानात वायर घालून बसणार हाय?"

"मग नवीन सेट घेतील. न्हाईतर तुम्ही जावा सील काढत. लावलं कुणी?"

खोलीत हसले सगळे. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला खवखवलं. मी म्हणाले, "केंद्राची गाडी द्या, मग जाते." अण्णा म्हणाले, "गाडी बॅनर लावायला लागणार हाय." तिथं तो विषय मिटला.

अण्णांना शिव्या घालणं मला अतिशय आवडतं आणि त्या त्यांना लागूही पडतात. सुई न बदलणाऱ्या सेटवर 'सुई बदला' अशी घोषणा करायची, एवढी अक्कल त्या मीटिंगमधल्या सात माणसांनी एकमतानं पास केली. पण ती घोषणा पूर्ण महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ वाचली ती मी. 'श्रोतेहो, सोमवारपासून आपलं केंद्र नव्या आकड्यावर. सुई उजव्या टोकाला न्या.' माझ्या आवाजात, माझ्या हातानं खिळलेल्या सुयांना मी हे सांगत होते. नदीकडच्या एका आबांचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, सुई न्या म्हणताय. ती काय वासरू हाय व्हय, दावं धरून न्यायला? तुम्हीच खिळली की." मी म्हणाले, "येते आबा दोन दिवसांत." गेले नाही.

का गेले नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस वेगळं सांगत आले. गाडी नव्हती, वेळ नव्हता, काम अध्यक्षांचं होतं. माझ्याकडं स्कूटर होती. खरं कारण असं की मला अण्णा तोंडघशी पडलेले बघायचे होते. सोमवार उजाडू दे, वस्त्या बोंबलू देत, चार गावची माणसं केंद्रावर चालून येऊ देत, मग मी म्हणेन, मी सांगितलं होतं. त्या एका वाक्यासाठी मी महिनाभर स्कूटर काढली नाही. माणूस रागात असला की त्याला वाटतं, आपण दुसऱ्याची वाट अडवली आहे. आपल्या मागे कोण उभं आहे, हे त्याला दिसत नाही.

सोमवारी कारेगावच्या चौकात मांडव उभा राहिला. अण्णांनी नारळ फोडला, केकही कापला, नव्या आकड्याचे टी-शर्ट वाटले. सहाला मी माडीवर बसून वर्दी वाचली. हवेत गारवा उतरला होता आणि गोदामाच्या मागं कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर खिडकीतून येत होता. एरवी वर्दी संपली की अर्धा तास फोन वाजायचा. अमक्याच्या बांधाला ठसे आहेत, तमक्याचं कुत्रं गेलं, आमच्या वस्तीचं नाव राहिलं. त्या दिवशी एकच फोन आला. "दीदी, वो सुबह वाला गाना फिर से लगा दो ना." बिचाऱ्याची काही चूक नव्हती. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कुणीही चालून आलं नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मला वाटलं होतं लोक भांडतील, पण लोकांनी धरून चाललं की केंद्र बंद पडलं. असली कामं चार दिवस चालतात आणि बंद पडतात, हे आमच्या लोकांना माहीत असतं. अण्णा तोंडघशी वगैरे काही पडले नाहीत.

चौथ्या दिवशी नदीकडच्या एका वस्तीवरची शेळी गेली. शेजारचा फड आदल्या दिवशी तुटला होता, मी ते वाचलं होतं, नाव घेऊन वाचलं होतं. त्या घरच्या बाईला मी फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "सा वाजता लावला व्हता ओ आम्ही. नुसता सुर्र आवाज येत व्हता. म्हणलं आज बाई आल्या नसत्याल."

शेळीच्या जागी नातू असता, हे ती बोलली नाही. मीच बोलले, फोन ठेवल्यावर, मोकळ्या खोलीत. आणि मग समोरचा कागद पाहिला. पुढच्या तोडीची यादी होती. शनिवारी कोयता पिंपळमळ्याच्या खालच्या फडाला लागणार होता.

त्या तीन दिवसांत मी स्कूटरवरून जेवढ्या वस्त्या झाल्या तेवढ्या केल्या. डिकीत स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि एक जुनी सुरी. सील थंड असताना निघत नाही. स्क्रूड्रायव्हर चुलीत तापवायचा आणि टोक टेकवत टेकवत टवके काढायचे. जळका वास सुटतो, डोळ्यांत पाणी येतं. कुठं कुणी चहा दिला, कुठं कुणी नुसतं बघत उभं राहिलं. एका आप्पांनी अडकित्त्यानं बटण आधीच उपटलं होतं आणि ते बोटात धरून मला दाखवत म्हणाले, "हे घ्या तुमचं केंद्र." एका बाईनं दारातूनच विचारलं, "आता काय चिकटवायला आलाय?" मी मान खाली घालून टवके काढत राहिले.

पिंपळमळा मी शेवटी ठेवला. यादीत ठेवला होता तसाच. शनिवारी दुपारी तिकडं वळले तेव्हा खालच्या फडात कोयते चालू होते. बैलगाड्या लागल्या होत्या, टोळीतल्या बाया मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होत्या. निम्मा फड पडला होता. त्याच्या पलीकडं अक्काच्या घराचे पत्रे त्या हंगामात पहिल्यांदाच रस्त्यावरून दिसत होते, आणि घराच्या दुसऱ्या अंगाला उभा, दाट, हिरवागार ऊस. खालच्या फडातून जे काही उठेल, ते त्या उसात शिरणार होतं, अक्काच्या अंगणातून.

अक्का ओसरीवर बाजरी निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघितलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली. शीतल आतून आली, मला बघून थबकली आणि आधी सासूकडं बघितलं.

"रेडिओ आण," मी शीतलला म्हणाले. "सील काढायचंय."

अक्का सुपाकडं बघत म्हणाली, "शीतल, तिला सांग, हात लावायचा न्हाई. आमचा हाय तसा बरा हाय."

आमच्यात तीन हातांचं अंतर होतं. मी म्हणाले, "शीतल, त्यांना सांग, खालचा फड तुटतोय. रात्रीला बिबट्या इकडं सरकणार. वर्दी ऐकाया नको?"

"तिला सांग, ती वर्दी देत नव्हती तवा बी आमची जनावरं जगत व्हती."

बिचारी शीतल काहीच कुणाला सांगत नव्हती, नुसती एकीकडून दुसरीकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, सोमवारपास्नं आई रोज सा वाजता लावत्यात. सुर्र सुर्र वाजतंय, तरी सव्वासापर्यंत बंद करू देत न्हाईत."

अक्कानं सूप खाली आपटलं. "तुला कुणी इचारलं?"

मी आत गेले. परवानगी मागत बसले असते तर अजून तिथंच असते. सेट कोनाड्यात होता, धूळ बसू नये म्हणून साखरेच्या पिशवीच्या कापडात गुंडाळलेला. सीलवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, नऊ वर्षांपूर्वीचा, अगदी रेघांसकट. चुलीत स्क्रूड्रायव्हर तापवला आणि तो ठसा जाळला. टवके निघता निघता बटणही निघून आलं, आत नुसती दांडी उरली. दांडी पक्कडीत धरून मी सुई उजवीकडं नेली. नऊ वर्षांत ती एका जागी अशी बसली होती की आधी हललीच नाही, मग एकदम सरकली. दुपारचं रेकॉर्ड केलेलं गाणं लागलं.

अक्का दारात येऊन उभी होती. पहिल्यांदा ती शीतलकडं न बघता बोलली, पण माझ्याकडंही नाही, सेटकडं बघून. "आता पुन्यांदा चिकटव. न्हाईतर पोरं फिरवत्यात."

माझ्या डिकीत सीलच्या कांड्या होत्या. एक जुनं पाकीट, मी फेकून दिलं नव्हतं. क्षणभर मला फार मोह झाला. सुटका नाही तुझी, हे पुन्हा एकदा म्हणता आलं असतं, न बोलता. मी म्हणाले, "न्हाई. आता मोकळी ऱ्हाऊ दे. तुला वाटलं तर ऐक, न्हाई वाटलं तर फिरव." पक्कड तिथंच ठेवून मी निघाले. तिनं पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही.

त्या संध्याकाळी यादी लिहिताना मी पिंपळमळा सगळ्यात वर घेतला. सात वर्षांचा खोडसाळपणा एका रेघेत खोडला आणि मला हलकं वाटलं, मोठेपणाही वाटला थोडा. सहाला माइक चालू केला. "पिंपळमळा. खालचा फड आज तुटला आहे. जनावरं आत घ्या, गवताला कुणी जाऊ नका." मग बाकीची नावं.

वर्दी संपल्यावर फोन वाजला. शीतल.

"मावशी, आई इचारत्यात, पिंपळमळ्याचं नाव पयलं का घेतलं?"

"जनावरं येळंवर आत घ्यावीत म्हणून," मी म्हणाले. "शेवटाला घेते म्हंजी उशीर व्हतो."

फोनवर हात ठेवल्याचा आवाज, मागं कुजबुज. मग शीतल पुन्हा. "त्या म्हणत्यात, आम्ही जनावरं पाचलाच बांधतो. पयल्यापास्नं. तिच्या भरवशावर न्हाई बसलो."

सात वर्षं ज्या कारणासाठी ती ऐकते असं मी धरून चालले होते, ते कारण नव्हतंच. मी विचारलं, "मग सा वाजता रेडिओ लावतात कशाला?"

पुन्हा हात, पुन्हा कुजबुज.

"म्हणत्यात, चुका काढायला." शीतल आवाज खाली आणून पुढं म्हणाली, "आन् म्हणत्यात, नाव व्हतं तिथंच ठेव म्हणावं. शेवटाला."

आता पावणेसहा झाले आहेत. खाली डेअरीच्या अंगणात किटल्यांचा आवाज चालू आहे, मळीचा वास आहे, अण्णा नव्या मनोऱ्यासाठी कुठं तरी बैठकीला गेले आहेत आणि त्यांचं काही भलं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. समोर आजची यादी आहे, नावं रस्त्याकडून नदीकडं. अक्का अजून माझ्याशी बोलत नाही. पिंपळमळा सगळ्यात खाली लिहिला आहे.